शालिकराम आणि बावीस नखांचा ढग्या

शालिकराम धनगराने बर्फ कधी पाहिलेला नाही. रसवंतीतल्या पोत्याखालचा पाहिला असेल, डोंगरावर पडतो तो नाही. तरी गेले काही महिने तो बर्फाच्या डोंगरांविषयी असा बोलतो, जसा काही लहानपणी तिथेच मेंढ्या चारून आला आहे. "तिकडे सकाळी सारं कसं जिनिंगमधल्या कापसावानी पांढरंफेक असते, भावनाबाई," असं तो मला सांगतो. हे त्याला मीच सांगितलं होतं, हे तो विसरून गेला आहे. मी आठवण करून देत नाही. दुसऱ्या कुणी माझं बोलणं असं आपल्या नावावर खपवलं असतं तर मी त्याला तिथल्या तिथे धुतला असता.

कळमेश्वरच्या एमआयडीसीच्या मागे, जिथे प्लॉटांचे सिमेंटचे खांब रोवले गेले पण कारखाने काही आले नाहीत, तिथे त्याचा मेंढवाडा आहे. वाडा म्हणजे बांबूला बांधलेल्या जाळ्या, एका बाजूला कडुनिंब, कडुनिंबाखाली ताडपत्रीची झोपडी आणि झोपडीत अनुसया, त्याची बायको. मेंढ्या चोपन्न, साऱ्या काळ्या. दुपारी बारानंतर तिथली जमीन पाण्यासारखी हलायला लागते. लांबून पाहिलं तर शालिकराम, त्याच्या मेंढ्या आणि ते खांब, सारं जमिनीपासून वीतभर वर तरंगताना दिसतं. जवळ गेल्यावरही थोडं तरंगतच असतं.

त्याचा बाप काटोलच्या बाजूने निघायचा आणि उमरेड-भिवापूरपर्यंत चार महिने चालायचा. गावोगावचे लोक बोलवून शेतात मेंढ्या बसवत, खत मिळावं म्हणून. आता त्या वाटेवर कुंपणं आहेत, लेआउट आहेत, उड्डाणपूल आहे. शालिकरामचं चालणं पाच किलोमीटरच्या आत आलं आहे. पोरगा बुटीबोरीला कंपनीत आहे आणि दर रविवारी फोनवर तेच म्हणतो, "बावा, विकून टाक आन् इकडे ये." शालिकराम "हो" म्हणतो आणि फोन अनुसयेकडे देतो.

त्याच्या अंगची खरी विद्या लोकर कातरायची. एकेकाळी दहा गावांतून त्याला बोलावणं यायचं. मेंढी बसवायची, पाठ आपल्या पोटाला टेकवायची आणि लांब कात्री मानेपासून अशी फिरवायची की सगळी लोकर एका तुकड्यात, घोंगडी उतरवल्यासारखी उतरते. मेंढीला ओरखडा नाही. लोकरीच्या तेलाने त्याचे हात या वयातही इतके मऊ आहेत की पहिल्यांदा त्याने माझ्या हातात हात दिला तेव्हा मी दचकले होते. त्याच्या मते दुनियेत दोनच ऋतू असतात, लोकर वाढायचा आणि लोकर उतरवायचा. होळी झाली की ज्याच्या अंगावर लोकर आहे त्याची उतरवायची. त्यात विचारायचं काय?

आमची ओळख भांडणाने झाली. मी शहरात, महाल भागात राहते. गल्लीतल्या कुत्र्यांची नसबंदी, लसी, जखमा हे सारं मी बघून-बघून शिकले. कुठली डिग्री नाही आणि त्याची लाजही नाही. गेल्या पोळ्यानंतर मला फोन आला की कळमेश्वरकडे एक म्हातारा मोकाट कुत्र्यांना विष घालणार आहे. मी गाडीला किक मारली आणि वाटेतच सगळी भाषणं तयार करून गेले.

"काका, तुमीच का गा कुत्र्यांना मारायले निघाले?"

तो कडुनिंबाखाली बसला होता. उठला नाही. "तू कोण वं?"

"मी कुत्र्यांकडून आहे."

"मंग बरं झालं आली. तुह्याच माणसाईनं केलं हे, पाह्य." त्याने पोतं बाजूला केलं. खाली दोन कोकरं होती. त्यांचं वर्णन मी करणार नाही. कचरा टाकायच्या जागेवरची टोळी पहाटे जाळीखालून शिरली होती, महिन्यातली तिसरी वेळ. शालिकरामने खिशातून एक पुडी काढली आणि दोघांच्या मधे जमिनीवर ठेवली. "सांग आता. मले मेंढ्या विकायला लावतं, का त्याईले हे खाऊ घालू? तिसरं काही असन तुह्यापाशी तं सांग."

माझ्याकडे तिसरं काही नव्हतं. मी भाषण न करता परत आले. असं माझ्या बाबतीत फार वेळा होत नाही.

तिसरं सक्करदऱ्याला होतं, सोडून दिलेल्या कुत्र्यांसाठीच्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये साखळीला बांधलेलं, आणि दोन महिने मला झोपू देत नव्हतं. एका बंगल्यातल्या कुटुंबाने कापसाच्या बोळ्याएवढं पिल्लू आणलं होतं. दोन वर्षांत त्याचा डोंगर झाला, उभा राहिला की डोकं माझ्या कमरेच्या वर. रात्रभर भुंकायचा, "बस" म्हटलं की उभा राहायचा, "ये" म्हटलं की विचार करायचा. वैतागून त्यांनी त्याला आमच्या दारात बांधून दिलं. कुणाला चावला नाही, कुणाचं ऐकलंही नाही. सगळे म्हणत, मंद आहे. मलाही तसंच वाटायचं, मग मी वाचायला लागले.

ही जात फ्रान्स आणि स्पेनच्या मधल्या पिरेनीज डोंगरातली. तिथल्या धनगरांनी ती शेकडो वर्षं मेंढ्यांसोबत वाढवली. मेंढ्या हाकायला दुसरे, छोटे कुत्रे असतात. हा हाकत नाही, हा राहतो. लहानपणापासून कळपात झोपतो, मेंढ्यांना आपलं घर समजतो. दिवसा लोळतो आणि अंधार पडला की जागा होतो. मालक शेजारी नसतानाच त्याचं काम असतं, म्हणून हुकूम ऐकायची त्याच्या रक्तात सवयच नाही. काय करायचं ते त्याचं तो ठरवतो. त्याला मारामारीची हौस नाही. आधी भुंकतो, मग मधे उभा राहतो, आणि बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. नाही भागलं तर भिडतोही. लांडगे-अस्वलांशी गाठ असायची म्हणून तिथले धनगर त्याच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालत. म्हणजे ज्या गुणांसाठी त्याला बंगल्यातून हाकललं, ते सगळे गुण बरोबर होते. जागा चुकली होती. हे वाचून मला इतका राग आला की मी त्या बंगल्यावर फोन लावला. कुणी उचलला नाही, त्यांचं नशीब.

दिवाळीच्या आधी मी त्याला कळमेश्वरला घेऊन गेले. शालिकरामने त्याच्याभोवती एक चक्कर मारली. मग खाली बसून त्याने मागचा पाय हातात घेतला. कुत्र्याने पाय दिला, जसं काही हे रोजचंच आहे.

"अनुसये, इकडे ये वं! नखं मोज."

अनुसयेने मोजली. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्या पायांना सहा-सहा. साध्या कुत्र्याला अठरा असतात; आपल्याकडे वीस नखांचा निघाला तर लोक लांबून बघायला येतात.

"बावीस," ती म्हणाली.

"माह्या बापाच्या बापापाशी वीस नखाचा होता," शालिकराम म्हणाला. "बावीसचा आजलोक ऐकला नाई."

"त्या जातीत साऱ्यांनाच असतात काका, मागं दोन जास्तीची."

"असतीन. पण इकडे तं एकच आला ना?"

मी अट सांगितली. हा थंड मुलखातला आहे. हिवाळा काढेल, पण उन्हाळा झेपला नाही तर मी त्याला चिखलदऱ्याला नेईन, तिथे माझ्या ओळखीची एक बाई जनावरं सांभाळते. शालिकराम म्हणाला, "न्या. थो गेला का मी बी मेंढ्या देऊन टाकीन. आता पुन्हा त्या टोळीसोबत रात काढायचं वय नाई राह्यलं माहं." आणि त्याने ती पुडी माझ्या हातात दिली. हा आमचा करार. सही-शिक्का काही नाही.

पंधरा दिवस त्याने त्याला जाळीच्या बाहेर बांधलं, मग आत बांधलं, मग सोडलं. लाड नाहीत, हाका नाहीत. भाकर आणि मेंढीच्या दुधाचं ताक ठेवायचं आणि निघून जायचं. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तिकडच्या धनगरांचीही हीच रीत आहे असं मी म्हटलं तेव्हा तो जरा ताठ बसला. "धनगर तं धनगरच असते ना वं. तिकडचे काही येगळे राहतीन का?"

नाव त्याने ठेवलं, ढग्या. सकाळच्या धुक्यात काळ्या मेंढ्या दिसत नसत. नुसता एक पांढरा ढग जमिनीलगत सावकाश सरकताना दिसायचा आणि त्याच्याभोवती घंटांचे आवाज. टोळी एकदा आली, दोनदा आली. ढग्या त्यांच्या आणि जाळीच्या मधे जाऊन उभा राहिला आणि छातीतून असा भुंकला की खांबांवरचे बगळे उडाले. टोळी कचऱ्याकडे परत गेली. त्यातलं एकही कुत्रं मेलं नाही आणि दिवाळी ते होळी एकही कोकरू गेलं नाही. मी दर आठवड्याला जायचे, त्या टोळीतल्या एकेकाला पकडून नसबंदीला न्यायचे, आणि जाता-येता शालिकरामला गोष्ट सांगायचे.

त्याला ती गोष्ट पुरायची नाही. तिकडचे धनगर डोक्याला काय बांधतात? उन्हाळ्यात वर जातात आणि हिवाळ्यात खाली येतात, तर मधे त्यांना रेल्वेचं फाटक लागत नाही का? फ्रान्सच्या राजाने या कुत्र्यांना दरबारात ठेवलं होतं हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मंग तं बिघडले असतीन. राजाच्या घरी मेंढ्या कुठं राहते?" पुढे लांडगे संपले, अस्वलं कमी झाली, धनगरांना या कुत्र्यांची गरज राहिली नाही आणि जात मरायला लागली, हे ऐकून मात्र तो काठीने मातीत रेघ ओढत राहिला.

"मंग?"

"मग काही लोकांनी उरलेले शोधून जपले. आता तिकडे लांडगे परत आलेत, आणि धनगर म्हणतात, कुठे गेले आमचे कुत्रे?"

"आले ना वापस," शालिकराम म्हणाला. त्याला लांडगे म्हणायचं होतं की कुत्रे, ते मी विचारलं नाही. त्या दिवसापासून तो त्या डोंगरांत जायला लागला. बसल्या जागी डोळे अर्धे मिटायचा आणि अनुसयेला सांगायचा की तिकडे गवत कमरेएवढं आहे, नदीचं पाणी दातांना लागतं, आणि कुंपण म्हणून नाही. अनुसया पीठ मळता मळता म्हणायची, "तिकडेच राहा मंग. जेवाले तेवढं या."

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, तीन आठवड्यांच्या खंडानंतर, मी गेले. मधे महालात पिल्लांना उलट्या-जुलाबाची साथ होती. लांबूनच कळपात काहीतरी कमी वाटलं. पांढरं काही दिसत नव्हतं. कडुनिंबाखाली गुलाबी रंगाचं, हाडकुळं, अंगावर कात्रीच्या रेघा असलेलं एक जनावर उभं होतं. पाठीवर फोड आले होते. मेंढ्या त्याच्यापासून वीस हात लांब, एकमेकींना चिकटून.

"काका!"

"लय गरम होऊन राह्यलं होतं त्याले," शालिकराम म्हणाला. त्याचा आवाज आधीच बारीक झाला होता. "जीभ पाह्यली तं हातभर. मेंढ्याईची उतरवली, मंग त्याची बी उतरवली. एका तुकड्यात निघाली वं. ओरखडा नाई."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. म्हातारा माणूस आहे. थोडक्यात असं, की ढग्याचे केस म्हणजे मेंढीची लोकर नव्हे. वरचे लांब केस ऊन अडवतात, आतला मऊ थर गरम हवा अंगापर्यंत येऊ देत नाही. ते छप्पर आहे. तुम्ही उन्हाळ्याच्या तोंडावर त्याच्या घराचं छप्पर काढलं. "भादरून टाकलं गा तुम्ही त्याले! बोकड आहे का थो?"

अनुसया मधे बोलली. "बाई, तुम्ही येवढं वाचलं, थंडीचं सांगतलं, राजाचं सांगतलं. हे काहून नाई सांगतलं?"

नव्हतं सांगितलं. चार महिने मी गोष्टी सांगत होते आणि ही एक ओळ मला पाठ होती. ज्या माणसाचं सारं आयुष्य कात्रीवर गेलं, तो होळीनंतर काय करेल, हे माझ्यासारखीला कळायला हवं होतं. पण रागात माणूस मागे हटत नाही, मी तर नाहीच. मी म्हटलं, "गुरुवारी गाडी घेऊन येते. चिखलदऱ्याला नेते."

सगळ्यात वाईट ऊन नव्हतं. मी निघताना ढग्या उठला आणि कळपाकडे चालत गेला. मेंढ्या फुटल्या, दोन्हीकडून पळाल्या. त्यांनी त्याला ओळखलंच नाही. तो मधे उभा राहिला. थोड्या वेळाने पुन्हा एका घोळक्याकडे गेला, तोही पळाला. मग तो परत कडुनिंबाखाली आला आणि भिंतीकडे तोंड करतात तसं झाडाकडे तोंड करून झोपला. शालिकरामने माझ्याकडे न बघता गुरुवारपर्यंतची मुदत पक्की करून घेतली, "बेस्तरवारलोक आहे ना टाइम?"

जनावरांच्या डॉक्टरांनी फोनवर मलम सांगितलं, अंग झाकायला सांगितलं, आणि केस परत यायला काही महिने लागतील असं सांगितलं. ते मी अनुसयेला कळवलं. तिने "हो" म्हटलं आणि फोन ठेवला. चार दिवस मला त्या दोघांकडून काही कळलं नाही.

गुरुवारी मी पिकअप घेऊन गेले. ड्रायव्हर अंकित वाटभर विचारत होता, "दीदी, शेर लेके जाना है क्या?" सकाळचे दहा वाजले होते आणि जमीन हलायला लागली होती.

ढग्याच्या अंगावर झूल होती. पोळ्याला बैलाच्या पाठीवर घालतात तशी, फक्त पांढरी, मानेपासून शेपटीपर्यंत, पोटाखाली नाड्यांनी बांधलेली. अनुसयेने आपलं उमरेडच्या हातमागाचं जुनं सुती लुगडं फाडून दुहेरी शिवलं होतं. काठ तेवढा लाल राहिला होता. ती दर तासाला त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतायची. कडुनिंबाखाली त्याने स्वतःच उकरलेला खड्डा होता, तोही ओला.

"झूल तं ठीक आहे," मी म्हटलं. "पण काका, मेंढ्या?"

"सांगतो ना." शालिकराम माझ्या शेजारी उकिडवा बसला. "एखाद्या मेंढीचं पिल्लू मेलं आन् दुसरं बिनमायचं पिल्लू तिले लावाचं असन, तं मी काय करतो? मेलेल्याचं कातडं जित्त्याच्या अंगावर घालतो. दोन दिवस. थे माय डोळ्यानं पाह्यत नाई वं, नाकानं पाह्यते. आपल्या लेकराचा वास आला का दूध सोडते."

"मग?"

"मंग काय. ढग्याचं कातडं तं मीच काढलं होतं." त्याने झुलीकडे बोट केलं. "शिवून झाली तशी दोन रात्री वाड्यात अंथरली, मेंढ्याईच्या खाली. त्याईनं तुडवली, त्याच्यावर बसल्या, सारं केलं. धुतली नाई. तशीच याले घातली. काल सकाळपासून पाह्य."

मी पाहिलं. ऊन चढत होतं आणि मेंढ्या, उन्हात करतात तसं, एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसायला लागल्या होत्या. एक म्हातारी मेंढी ढग्यापाशी गेली. झुलीला नाक लावलं, बराच वेळ. मग मान खाली करून तिने डोकं त्याच्या पोटाखालच्या सावलीत घातलं. तिच्यामागून दुसरी आली. थोड्या वेळाने त्या पांढऱ्या झुलीच्या भोवती काळ्या पाठींचं मोठं फूल झालं होतं, हलणाऱ्या जमिनीवर सावकाश डोलणारं. ढग्या डोळे मिटून उभा होता. अंकित गाडीतून उतरून माझ्यामागे आला होता.

मी ढग्याला नेलं असतं तर तो चिखलदऱ्याला गार हवेत राहिला असता. बरं खायला मिळालं असतं. आणि रोज संध्याकाळी कुणाची तरी राखण करायला उठला असता आणि तिथे कुणी नसतं.

मी झूल उचलून पाठ पाहिली. फोड सुकले होते. नाक ओलं होतं. श्वास मोजला. मग कान पाहिले, हिरड्या पाहिल्या, आणि पाहण्यासारखं दुसरं काही उरलं नाही. शालिकराम माझ्या तोंडाकडे बघत होता. चोपन्न मेंढ्या, बुटीबोरीचा फोन, सारं त्याच्या डोळ्यांत येऊन थांबलं होतं, आणि तरी त्याने "ठेवा" म्हटलं नाही. एकदाही नाही.

"दोन झुली पाहिजे," मी म्हटलं. "एक वाळत घालायले. आन् दुसरी बी मेंढ्याखाली अंथरल्याशिवाय घालायची नाही."

अनुसया झोपडीत गेली आणि दुसरं लुगडं घेऊन बाहेर आली.

"मैं खाली गाडी लेके जाऊं क्या?" अंकितने विचारलं.

"जा गा बाबू," शालिकराम म्हणाला, "आमचा माल इथंच राह्यते." आणि मग म्हातारा तोंड फिरवून मेंढ्यांशी काहीतरी बोलायला लागला. मेंढ्यांशी तो नेहमीच बोलतो, पण इतका वेळ नाही.

मे महिना अवघड गेला. पंचेचाळीसच्या वर गेलेले दिवस होते. दुपारी अनुसया आणि तो, आळीपाळीने, पाण्याचा तांब्या घेऊन बसायचे. माझ्याकडून दोन टाक्या पाणी रोज जायचं. रागावण्यासारखी कामं मला खूप होती, पण संध्याकाळी फोन करून आधी श्वास किती ते विचारायचे. शालिकराम श्वास सांगायचा आणि मग डोंगरात जायचा. तिकडे आता मेंढ्या वर चढल्या असतील, म्हणायचा. बर्फ वितळून नदी भरली असेल.

आता जून संपत आला आहे. झूल अजून आहे, फक्त दुपारची. सकाळी उठल्यावर शालिकराम सगळ्यात आधी ढग्याच्या पाठीवरचे केस दोन बोटांत धरतो आणि आपल्या बोटाच्या पेरांना लावून किती वाढले ते बघतो. कात्री त्याने अनुसयेच्या पेटीत ठेवायला दिली आहे आणि किल्लीही तिच्याचकडे आहे. आज सकाळी मी गाडी काढत होते तेव्हा त्याचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही.

"भावनाबाई, दोन पेरं झाले."